रंगाच्या डब्यातून भिंतीवर काय उरते?

दिवाळीपूर्वी घराला चुन्याची सफेदी होत असताना ज्यांनी ती जवळून पाहिली आहे, त्यांच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आलेली असेल. कुंचा फिरून गेल्यावर ओली भिंत मळकट व करडी दिसते, जुने डाग आणि मुलांनी ओढलेल्या पेन्सिलीच्या रेघा चुन्याखालून जशाच्या तशा डोकावत राहतात, आणि नवख्या घरमालकास वाटते की रंगाऱ्याने चुना फारच पातळ केला. परंतु दुपार कलते, भिंत सुकते, आणि तीच जागा शुभ्र होऊन डाग दिसेनासे होतात. मधल्या काळात भिंतीवर कोणी काही घातलेले नसते. उलट पाणी तेवढे निघून गेलेले असते. मग हा पांढरेपणा आला कोठून?

हा प्रश्न वरवर केवळ कुतूहलाचा वाटला तरी बाजारातील भारी रंग कोणता आणि हलका कोणता, एक रंग दहा वर्षे टिकतो आणि दुसरा दुसऱ्या पावसाळ्यातच खांद्याला लागू लागतो तो का, या सर्व व्यावहारिक प्रश्नांची किल्ली त्याच्याच उत्तरात आहे. दुकानात आपण छटांचे तक्ते पाहतो, डब्यावरील चित्रे पाहतो, किंमत विचारतो. परंतु रंगाचा जो भाग अखेर भिंतीवर उरणार आहे त्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ती कशी करावी, हे समजावून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

पांढरेपणाचे कारण

प्रकाशाचा किरण एका पारदर्शक पदार्थातून दुसऱ्या पदार्थात शिरताना वाकतो, आणि त्याचा काही अंश दोहोंच्या सीमेवरूनच मागे फिरतो. किरण किती वाकावा हे सांगणारा एक अंक प्रत्येक पारदर्शक पदार्थास असतो. त्यास अपवर्तनांक म्हणतात. हवेचा हा अंक जवळजवळ १, पाण्याचा १.३३, आणि चुना व खडू यांचा सुमारे १.६ आहे. शेजारी असलेल्या दोन पदार्थांच्या अंकांत जितकी तफावत अधिक, तितका प्रकाश अधिक प्रमाणात परततो, आणि असंख्य बारीक कणांवरून तो सर्व दिशांना परतला म्हणजे आपल्या डोळ्यांस पांढरेपणा दिसतो. ओल्या सफेदीत चुन्याचे कण पाण्याने वेढलेले असल्यामुळे ही तफावत अल्प असते, प्रकाश कणांमधून आरपार जातो आणि खालचा डाग दिसतो. पाणी उडून कणांभोवती हवा आली की तफावत वाढते आणि भिंत उजळते. म्हणजे सफेदीच्या शुभ्रतेत चुन्याचा जितका वाटा, तितकाच कणांमध्ये शिरलेल्या हवेचाही आहे.

आता तोच खडू पाण्याऐवजी तेलात कालवला तर काय होईल? जवसाच्या तेलाचा अपवर्तनांक सुमारे १.५, म्हणजे खडूच्या अगदी जवळचा. तेल सुकून घट्ट झाले तरी उडून जात नाही, त्यामुळे हवेस शिरकाव मिळत नाही, आणि खडू आपला शुभ्रपणा गमावून बसतो. खडू आणि जवसाचे तेल मळून रंगारी जी लांबी तयार करतात, ती पांढरीशुभ्र न दिसता पिवळसर करडी का दिसते, याचा उलगडा यातून होतो.

तेलात किंवा राळेत बुडूनही पांढरे राहील असे द्रव्य हवे असेल, तर त्याचा अपवर्तनांक पुष्कळ मोठा असला पाहिजे. पूर्वी हे काम सफेता, म्हणजे शिशापासून केलेले पांढरे द्रव्य करीत असे. पण ते विषारी. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वे आणि अमेरिका या देशांत टायटॅनियम डायॉक्साइड हे द्रव्य कारखान्यांत तयार होऊ लागले. त्याच्या रुटाइल या प्रकाराचा अंक सुमारे २.७ असून आजच्या प्रत्येक चांगल्या पांढऱ्या रंगाचा आधार तेच आहे. ज्या इल्मेनाइट खनिजापासून ते काढतात, त्याची काळी वाळू केरळच्या किनाऱ्यावर विपुल आहे आणि आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही सापडते. याच खनिजाच्या आधारे १९४६ साली तिरुअनंतपुरम येथे त्रावणकोर टायटॅनियम प्रॉडक्ट्स हा कारखाना स्थापन झाला. खनिजातील लोह काढून टाकण्याची प्रक्रिया खर्चिक असल्याने हे द्रव्य महाग पडते, आणि रंगाच्या किंमतीतील तफावतीचे पहिले कारण येथे सापडते.

डब्यातील चार जिन्नस

कोणताही रंग घेतला तरी त्यात चार प्रकारचे जिन्नस असतात. पहिला रंगद्रव्य: वर सांगितलेले टायटॅनियमचे पांढरे, गेरू व पिवडी यांसारखी लोहाची मातकट द्रव्ये, काजळी, आणि कारखान्यात बनविलेली निळी-हिरवी-लाल द्रव्ये. याच गटात खडू, संगजिरे, चिनी माती यांची पूड येते. ती झाकण्याचे काम थोडे आणि जागा भरण्याचे काम अधिक करते, म्हणून तिला भरणद्रव्य म्हणावे. दुसरा जिन्नस बंधक, म्हणजे या कणांना एकमेकांशी आणि भिंतीशी जखडून ठेवणारी राळ. तिसरा द्रव: पाणी किंवा टर्पेंटाइन. तो रंग पसरविण्यापुरता लागतो आणि काम झाल्यावर हवेत निघून जातो. चौथी पूरके: बुरशी रोखणारी, फेस मोडणारी, रंग ओघळू न देणारी द्रव्ये. ती अल्प प्रमाणात असली तरी महत्त्वाची असतात.

यांपैकी द्रवाचे पैसे आपण देतो, पण तो भिंतीवर राहत नाही. उरतात ते रंगद्रव्य आणि बंधक, आणि रंगाची प्रत ठरते ती या दोहोंच्या जातीवर व परस्पर प्रमाणावर.

रंगद्रव्य आणि बंधक यांचे प्रमाण

हे प्रमाण समजण्यास शेंगदाण्याच्या चिक्कीचे उदाहरण पुरेसे आहे. दाणे म्हणजे रंगद्रव्य आणि गुळाचा पाक म्हणजे बंधक. पाक भरपूर असला की प्रत्येक दाणा त्यात बुडतो, वडीचा पृष्ठभाग गुळगुळीत व चकचकीत होतो, आणि ओल्या फडक्याने पुसले तरी दाणा सुटत नाही. पाक कमी करीत गेलो म्हणजे दाणे पृष्ठभागावर उघडे पडू लागतात, चकाकी जाते आणि खडबडीतपणा येतो. आणि एक मर्यादा ओलांडली की दाण्यांमधील फटी भरण्यासही पाक पुरत नाही, आत पोकळ्या राहतात, व बोट लावताच वडीचा चुरा होतो.

रंगाचेही तंतोतंत असेच आहे. तुकतुकीत रंगात बंधक अधिक, मंद झळाळीच्या रंगात मध्यम, आणि निस्तेज, म्हणजे ज्यास आपण मॅट म्हणतो त्या रंगात कमी असते. स्वस्त रंग करणारा कारखानदार दोन ठिकाणी काटकसर करतो: महागडे टायटॅनियम काढून खडू घालतो, आणि महागडी राळ कमी करतो. खडू राळेत बुडाला असता तर पारदर्शक झाला असता, पण राळच अपुरी असल्याने कणांमध्ये हवेच्या पोकळ्या राहतात व त्या हवेच्या बळावर भिंत पांढरी दिसते. ही शुभ्रता चुन्याच्या सफेदीच्याच जातीची आहे, पण तिची किंमत मात्र रंगाची घेतली जाते. अशा भिंतीवर ओले फडके फिरवा: पोकळ्यांत पाणी शिरून तेवढा भाग काळवंडतो, आणि फडक्यास पांढरी भुकटी लागते. भिंतीवर मुलाच्या हाताचा तेलकट ठसा उमटला तर तेल पोकळ्यांत शिरते आणि पुसण्याने निघत नाही.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. कमी बंधकाचा रंग प्रत्येक ठिकाणी वाईट असे नाही. छताला कोणाचा हात लागत नाही, तेथील पोपडे व गवंड्याने ठेवलेले उंचसखलपण लपविण्यास निस्तेज रंगच योग्य. कारण चकाकी तिरप्या प्रकाशात भिंतीचा प्रत्येक दोष उघड करते. दोष तेव्हाच म्हणावा, जेव्हा छताच्या योग्यतेचा रंग जिन्याच्या भिंतीला फासला जातो.

भिंतीसाठी कोणता रंग

आपल्याकडे भिंतीच्या रंगांच्या तीन पायऱ्या रूढ आहेत. चुन्याची सफेदी ही पहिली. चुना हवेतील कार्बन डायॉक्साइड शोषून पुन्हा चुनखडी बनतो व त्या प्रक्रियेतच भिंतीस धरतो. ती श्वास घेऊ देणारी, क्षारयुक्त असल्याने बुरशीस सहजासहजी थारा न देणारी, आणि जांभ्या दगडाच्या व मातीच्या जुन्या भिंतींना आजही अनुरूप आहे. मात्र ती धुता येत नाही व दर एक-दोन वर्षांनी नवी करावी लागते. दुसरी पायरी डिस्टेंपर: यात खडू पुष्कळ, बंधक बेताचे. ते हलक्या हाताने पुसता येते, घासता येत नाही. भाड्याच्या खोलीस किंवा कोठाराच्या जागेस ते पुरते.

तिसरी पायरी इमल्शन. यात राळेचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत असतात. पाणी उडू लागले की ते थेंब एकमेकांजवळ येतात, दाबले जातात, आणि अखेर एकरूप होऊन सलग पापुद्रा तयार होतो. तो हातास कोरडा लागला तरी पुरता पक्व होण्यास दोन ते चार आठवडे लागतात; तोवर भिंत धुण्याची घाई करू नये. पावसाळी हवेत पाणी लवकर उडत नाही, त्यामुळे ही प्रक्रिया रेंगाळते. कोकणात व मुंबईत रंगकाम दसऱ्यानंतर काढण्याचा जो परिपाठ आहे, त्यास सणाइतकेच हे शास्त्रीय कारणही आहे.

इमल्शनमधील राळही एकाच प्रतीची नसते. व्हिनाइल जातीची राळ स्वस्त, पण ओल्या सिमेंटातील क्षारांपुढे ती हळूहळू विघटित होते. अॅक्रिलिक राळ क्षार व ऊन या दोहोंस अधिक तोंड देते. म्हणून बाहेरच्या भिंती, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर येथे शुद्ध अॅक्रिलिक इमल्शनचा आग्रह धरावा. दिवाणखाना व निजावयाच्या खोल्या यांत मंद झळाळीचे मध्यम प्रतीचे इमल्शन चालेल.

छटेविषयी एक सूचना आवश्यक आहे. गडद लाल, पिवळा, नारिंगी अशा भडक छटा करताना पांढरे टायटॅनियम जवळजवळ नसलेल्या पायावर रंग मिसळावा लागतो. त्यामुळे त्या छटा खालची भिंत नीट झाकत नाहीत व अधिक हात द्यावे लागतात. गेरू-पिवडीच्या कुळातील मातकट छटा लोहाच्या असल्याने उन्हात टिकतात. घराबाहेर भडक छटा लावावयाची झाल्यास ती उन्हात किती टिकेल, याची खातरजमा आधी करून घ्यावी.

दारे, चौकटी आणि गज

भिंतीस जे चालते ते दारास चालत नाही. दारास दिवसातून अनेकदा हात लागतो, चौकटीस दार आपटते, खिडकीच्या तावदानांवर ऊन-पाऊस पडतो. येथे कठीण व धुता येणारा पापुद्रा हवा, आणि तो पूर्वापार एनॅमल, ज्यास लोक ऑइल पेंट म्हणतात, देत आला आहे. त्याचे सुकणे निराळ्या प्रकारचे आहे. टर्पेंटाइन उडून जाणे हा केवळ आरंभ. त्यानंतर जवसाच्या किंवा तत्सम तेलापासून बनलेली राळ हवेतील ऑक्सिजन शोषून आपल्या रेणूंची एकमेकांत गुंफण करते, आणि म्हणूनच अर्धवट वापरलेल्या डब्यात वरच्या थरावर साय धरते. जाड हात दिला तर पृष्ठभाग आधी घट्ट होतो, आतला रंग कच्चा राहतो व सुरकुत्या पडतात. पातळ दोन हात, मध्ये एका रात्रीचे अंतर, हा नियम याच कारणाने पडला. उजेड न मिळणाऱ्या कपाटाच्या आत हा पांढरा रंग कालांतराने पिवळा पडतो. तेथे पाण्याचे अॅक्रिलिक एनॅमल बरे, कारण ते पिवळे पडत नाही. परंतु दार आणि चौकट जेथे एकमेकांस टेकतात, तेथे पाण्याचा मऊ रंग चिकटून बसण्याचा संभव असतो, म्हणून दारासाठी खास तयार केलेले एनॅमलच घ्यावे. भिंतीचे इमल्शन दारावर लावू नये.

लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. बहुतेक घरांत दाराची वरची व खालची कड कोणास दिसत नाही म्हणून रंगविली जात नाही, आणि पाणी नेमके त्याच कडांतून रेषांच्या वाटेने आत शिरते. दार बिजागरीवर चढविण्यापूर्वी या कडांना अस्तर व रंग देण्याची तजवीज करावी. लोखंडी गजांबाबत गंजाची दखल आधी घ्यावी. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो व वरचा रंग उचलून टाकतो. म्हणून तारेच्या ब्रशाने गंज खरवडून रेड ऑक्साइडचे अस्तर त्याच दिवशी द्यावे.

शिशाचा विषय येथेच सांगणे कर्तव्य आहे. सफेता आणि शेंदूर ही दोन्ही शिशाची द्रव्ये, आणि कित्येक पिवळ्या व लाल एनॅमलमध्येही शिसे असे. मुलांच्या मेंदूच्या वाढीस ते घातक असल्याने घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम भारत सरकारने २०१६ साली केला. नवा डबा घेताना त्यावरील शिशाविषयीचा मजकूर वाचावा. जुन्या वाड्यातील वा चाळीतील दारांवर मात्र मागील पिढ्यांचे थर असतात. ते कोरडे घासून धूळ उडवू नये, पाणी लावून घासावे, धूळ ओल्या फडक्याने गोळा करावी, आणि त्या काळात लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांस त्या खोलीपासून दूर ठेवावे.

रंगाखालची भूमी

उत्तम रंगही वाईट भिंतीवर टिकत नाही. सिमेंटचा नवा गिलावा अतिशय क्षारयुक्त असतो. त्यावर तेलाचा रंग लावला तर क्षार व तेल यांच्या संयोगाने साबण तयार होतो, आणि रंग चिकट होऊन सुटतो. म्हणून नव्या गिलाव्यास सुकण्यास काही महिने द्यावेत व क्षार सोसणारे अस्तर आधी लावावे. भिंतीत ओल असली तर ती क्षार विरघळवून पृष्ठभागाकडे आणते. पाणी उडते, क्षारांचे स्फटिक रंगामागे वाढतात, आणि लोणा लागून पोपडे उठतात. अशा भिंतीस रंगावर रंग चढविणे व्यर्थ आहे. गळणारा नळ, गच्चीची भेग, जोत्यातून चढणारी ओल यांचा शोध घेऊन बंदोबस्त केल्यावरच लांबी भरावी, पॉलिश पेपर मारावा, धूळ पुसावी आणि अस्तर द्यावे. अस्तर वगळून वाचविलेले पैसे वरच्या रंगाच्या जादा हातांत खर्ची पडतात, कारण तहानलेला गिलावा रंगातील बंधक शोषून घेतो व पृष्ठभागावर भुकटी तेवढी उरते.

दुकानातील पारख

डब्याच्या वजनावरून प्रत ठरवू नये, कारण खडूही जड असतो. विचारावे ते इतकेच: एका लिटरात घनभाग किती, म्हणजे द्रव उडाल्यावर उरणारा पापुद्रा किती? बऱ्याच उत्पादकांच्या तांत्रिक माहितीपत्रकात हा आकडा असतो आणि विक्रेत्याकडून ते मागून घेता येते. उदाहरणादाखल, एक रंग १५० रुपये लिटर असून त्यात घनभाग शेकडा २४ आहे, व दुसरा २४० रुपये लिटर असून घनभाग शेकडा ४० आहे, असे समजू. पहिल्याच्या लिटरातून २४० मिलिलिटर पापुद्रा मिळतो, म्हणजे दर मिलिलिटरास साडेबासष्ट पैसे. दुसऱ्यातून ४०० मिलिलिटर, म्हणजे साठ पैसे. स्वस्त वाटणारा रंग या जमाखर्चात महाग ठरतो, आणि तितकीच जाडी साधण्यासाठी जो एक जादा हात द्यावा लागेल त्याची मजुरी निराळीच. इमल्शनसाठी आयएस १५४८९ व तेलयुक्त डिस्टेंपरसाठी आयएस ४२८ ही भारतीय मानके आहेत. त्यांचा उल्लेख डब्यावर आहे की नाही हे पाहावे.

आकडे मिळत नसतील तर घरी परीक्षा करता येते. जाड पुठ्ठ्यावर काळी पट्टी काढून दोन्ही रंगांचे सारखेच दोन हात द्यावेत. पट्टी कोणी अधिक झाकली ते सुकल्यावर दिसेल. मग पट्टीवर पाण्याचे दोन थेंब टाकून पाहावे. ती जागा फार काळवंडून पट्टी पुन्हा दिसू लागली, तर झाकण्याचे काम हवेने केले आहे असे समजावे. दोन आठवड्यांनी ओल्या फडक्याने घासून भुकटी सुटते का ते तपासावे. काम चालू असता रंगाऱ्याने डब्यावर लिहिलेल्या प्रमाणापेक्षा अधिक पाणी घालू नये यावरही लक्ष ठेवावे. पाण्याने रंगद्रव्य व बंधक यांचे प्रमाण बदलत नाही हे खरे, पण पापुद्रा पातळ होतो आणि चांगल्या रंगाचे आयुष्य घटते.

थोडक्यात

* आधी ओल व लोणा यांचा बंदोबस्त, मग अस्तर, त्यानंतर रंग.
* छत: निस्तेज इमल्शन किंवा डिस्टेंपर. वावराच्या भिंती: मंद झळाळीचे इमल्शन. स्वयंपाकघर, न्हाणीघर, बाहेरची बाजू: अॅक्रिलिक इमल्शन. जुन्या जांभ्याच्या व मातीच्या भिंती: चुना.
* दारे, चौकटी, गज: एनॅमल, पातळ दोन हात, मध्ये एका रात्रीचे अंतर; दाराच्या कडा विसरू नयेत.
* किंमत लिटरावर न मोजता घनभागावर मोजावी.
* डब्यावर शिशाविषयीचा मजकूर व भारतीय मानकाचा क्रमांक पाहावा.
* जुने तेलाचे थर कोरडे घासू नयेत.

घर रंगविणे हा सामान्य कुटुंबास वर्षानुवर्षांनी एकदा पेलणारा खर्च असतो, आणि त्यातील मजुरी, परांची, सामान हलविण्याची दगदग ही हलक्या रंगासही तितकीच लागते जितकी भारी रंगास. पैसा बेताचा असेल तर सगळे घर हलक्या रंगाने एकदम उरकण्यापेक्षा ज्या भिंतींना व दारांना रोज हात लागतो त्यांना यंदा चांगला रंग द्यावा, आणि छते व आतल्या खोल्या पुढील वर्षावर टाकाव्यात, अशी माझी वाचकांस आग्रहाची शिफारस आहे.